बोट सुटल्यावर मागे राहिलेले वडील

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत नौदलात गेलेल्या मुलामुलींच्या वडिलांची पत्रे नजरेत भरण्याइतकी होती, म्हणून या अंकातील सदराची सर्व जागा त्यांना दिली आहे. काही मातांचीही पत्रे आली. त्यांपैकी बहुतेकींनी प्रश्न विचारला आहे तो मुलाविषयी नव्हे, नवऱ्याविषयी. उत्तरे लिहिणाऱ्याने स्वतः पंधरा वर्षे नौदलात नौसैनिक म्हणून काढली असून आता त्याचा मुक्काम पुण्यातच आहे, त्यामुळे नियमांच्या जोडीने काही आठवणीही उत्तरांत शिरल्या आहेत, त्या चालवून घ्याव्यात. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अग्निवीर म्हणून निवडली गेली आणि ओडिशात आयएनएस चिल्का येथे प्रशिक्षणाला गेली. भरतीच्या वेळी तिला अठरा पूर्ण झाली नव्हती, त्यामुळे अर्जावर पालक म्हणून मी सही केली. तिचा फोन क्वचित येतो आणि तो तिच्या आईच्या मोबाइलवर येतो. मी जवळ जाईपर्यंत 'ठेवते हं, मागे रांग आहे' असे म्हणून ती ठेवूनही देते. घरी येणारे-जाणारे तिच्या आईची समजूत घालतात आणि मला विचारतात, 'पगार किती?' दोन महिने झाले, रात्री दोन वाजता जाग येते आणि पुढे झोप लागत नाही. हे सांगावे कोणाला? की पुरुषाने सांगण्याजोगे हे नाहीच? — धायरी येथील एक वडील

उत्तर : तुम्ही ते सांगितले आहेच, आणि आमच्याकडे आलेल्या पत्रांवरून पाहता असे दोन वाजता जागे होणारे या शहरात तुम्ही एकटे नाही. अडचण अशी की शेजारच्या इमारतीतला दुसरा जागा माणूस तुम्हाला माहीत नाही. पुण्यात लष्कर डोळ्यांना दिसते. दक्षिण मुख्यालय इथे आहे, वानवडी-खडकीच्या रस्त्यांवर गणवेश दिसतात, आणि फौजेत मुलगा असलेल्या वडिलांना चार अनुभवी माणसे सहज भेटतात. नौदल मात्र दिसत नाही. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी हे नौदलाचे सागरी अभियांत्रिकीचे प्रशिक्षण केंद्र १९४५ पासून आहे, तरी घाटातून दर आठवड्याला ये-जा करणाऱ्या पुणेकरांपैकी अनेकांना ते ठाऊक नसते. (पुण्याचे आणि आरमाराचे नाते तसे जुन्यापासून अवघडच आहे, १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, ते पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केल्यावर.) मालवण किंवा अलिबागच्या बापाला समुद्र निदान रोज दिसतो. धायरीच्या बापाला तो मनातल्या मनात उभा करावा लागतो, आणि रात्री दोन वाजता उभा केलेला समुद्र खऱ्या समुद्रापेक्षा नेहमीच जास्त खवळलेला असतो.

तुमच्या पत्रात सहीचा उल्लेख आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. 'सही मी केली' हे वाक्य बाप स्वतःशी कसे उच्चारतो, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. परंतु सहीच्या आधी परीक्षा, शारीरिक चाचणी आणि वैद्यकीय तपासणी हे तीन टप्पे तिने स्वतः ओलांडले होते. तुमच्या सहीने ती गेली नाही, तिच्या जाण्याला तुम्ही अडवले नाही, एवढेच. अग्निवीरांची पहिली तुकडी २८ मार्च २०२३ रोजी चिल्काहून बाहेर पडली, ते संचलन सूर्यास्तानंतर झाले आणि त्या तुकडीत सुमारे २७० मुली होत्या. त्या वेळी तितकेच वडील याच अवस्थेतून गेले असणार. तिथले प्रशिक्षण सुमारे सोळा आठवड्यांचे असते. दिवसाचा कार्यक्रम मुद्दाम भरगच्च ठेवलेला असतो आणि फोन कमी असणे हा त्याचाच भाग आहे. ती तुम्हाला टाळते आहे, असा अर्थ त्यातून काढू नये.

आता करण्यासारख्या गोष्टी. पुढच्या वेळी फोन आला की तिच्या आईला सांगून शेवटचे नव्हे, पहिले अर्धे मिनिट मागून घ्या. बाप शेवटी बोलतो, हा आपल्या घरांतला अलिखित नियम आहे. तो मोडायला कोणाची परवानगी लागत नाही. दुसरे, पत्र लिहा. तुम्ही हसाल, पण प्रशिक्षणात असताना कागदी पत्राची किंमत काय असते ते मी सांगू शकतो. माझे वडील सासवडहून आंतरदेशीय पत्रे पाठवत, त्यांवर बोटीच्या नावाखाली 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' (बोटींची टपाल पोचवणारे कार्यालय) असा पत्ता असे, आणि बोट धक्क्याला लागली की दीड-दीड महिन्याची पत्रे एकदम हातात पडत. पाऊस किती झाला, अंजिराला भाव काय मिळाला, विहिरीची मोटार कोणी दुरुस्त केली, हे सगळे त्यांत असे. माझ्याविषयी एक अक्षरही नसे. तेव्हा मला त्याचा राग येई. पुढे लक्षात आले की प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात ते एक लहानसा आकडा घालत, म्हणजे मला ती क्रमाने वाचता यावीत. चौदा क्रमांकाचे पत्र हरवले, हे आम्हा दोघांनाही वीस वर्षांनंतरही आठवत होते. तुम्हीही आकडे घाला.

झोपेविषयी मात्र टाळाटाळ नको. दोन महिने हा थोडा काळ नाही. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना 'मुलगी नौदलात गेल्यापासून झोप लागत नाही' असे पूर्ण वाक्य सांगा. नुसती झोपेची गोळी मागून घेऊ नका.

प्रश्न : आम्ही पिंपरी-चिंचवड परिसरातील सात वडील. मुलांच्या पासिंग आउट परेडसाठी कोणार्क एक्स्प्रेसने ओडिशाला जाताना डब्यात ओळख झाली आणि परतल्यावर आम्ही एक व्हॉट्सअ‍ॅप गट काढला. पहिले तीन महिने छान गेले. नंतर एकाने मुलाच्या बोटीचे नाव, ती कोणत्या बंदरात लागणार आणि कधी, हे उत्साहाने टाकले. दुसऱ्याने ते काढून टाकायला सांगितले. शब्दाने शब्द वाढला आणि दोघेही गट सोडून गेले. आता गटात फक्त 'शुभ सकाळ' येते. आम्ही पुन्हा एकत्र यावे असे वाटते, पण कशासाठी यावे आणि काय बोलावे, हेच कळेनासे झाले आहे. — चिंचवड येथील एक वडील

उत्तर : ज्यांनी मजकूर काढायला सांगितला, त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि त्याला पळवाट नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सात नौसैनिकांना शत्रूच्या हस्तकांना माहिती पुरवल्याच्या आरोपावरून अटक झाली. समाजमाध्यमांवर ओळख वाढवून त्यांना जाळ्यात ओढल्याचे तेव्हा सांगण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस नौदलाने आपले तळ, गोद्या आणि युद्धनौका येथे स्मार्टफोन व फेसबुकवर बंदी घातली. वडिलांना वाटते, आमच्या गटात परके कोण आहे? पण माहिती एका वाक्यातून फुटतेच असे नाही. एका बापाने लिहिले, 'अठरा तारखेनंतर घरी येतोय'. दुसऱ्याने लिहिले, 'आमचाही त्याच आठवड्यात'. तिसऱ्याने मुलाचा धक्क्यावरचा जुना फोटो लावला, ज्यात मागे बोटीचा क्रमांक दिसतो. तिघांपैकी कोणीही काही गुपित सांगितले नाही, तरी ती बोट कधी परतणार हे वाचणाऱ्याला कळले. गटातला एक फोन हरवला किंवा कोणी एखादी भलतीच लिंक उघडली, की वाचणारा परका होतो. म्हणून बोटीचे नाव, बंदर, निघण्याची व परतण्याची तारीख, सोबत्यांची नावे आणि गणवेशातले छायाचित्र या गोष्टी गटात कधीही येऊ नयेत, आणि आल्या तर कोणताही वाद न घालता काढून टाकाव्यात. हे पहिल्याच दिवशी ठरलेले असते, तर तुमचे दोन सदस्य गेले नसते.

तरीही ज्यांनी ते लिहिले, त्यांच्यावर रागावू नका, कारण त्यांच्याजवळ सांगण्यासारखे तेवढेच होते. मुलगा काय करतो हे बापाला ठाऊक नसते, ठाऊक असले तरी बोलता येत नाही. मग निदान बोटीचे नाव तरी अभिमानाने उच्चारावे, असे त्यांना वाटले असणार. तुमच्या गटापुढची खरी अडचण इथे आहे. लष्करातल्या किंवा परदेशी शिकणाऱ्या मुलांचे बाप एकत्र आले की मुलांविषयी बोलतात. तुम्हाला मुलांच्या कामाविषयी बोलण्याची मुभा नाही, म्हणजे उरते ते एकच : स्वतःविषयी बोलणे. आपल्या पिढीच्या पुरुषांना तेवढे एक सोडून सर्व काही बोलता येते. राजकारण येते, जमिनीचे भाव येतात, मेट्रोचे खांब कुठे चुकले ते येते. 'काल रात्री मला भीती वाटली' हे येत नाही. ते फोनवर टंकून तर मुळीच येणार नाही. त्यासाठी समोरासमोर बसावे लागते, आणि बसण्याला काहीतरी निमित्त लागते.

म्हणून माझी सूचना अशी की गट फक्त निरोपापुरता ठेवा आणि महिन्यातून एकदा ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी भेटा. सकाळी फिरायला जाण्याची जागा सर्वांत उत्तम, कारण चालताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही आणि बोलणे सोपे जाते. बाग असो, टेकडी असो, शेवटी चहाची टपरी असली म्हणजे झाले. सभागृह, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ यांपासून लांब राहा. पुण्यात कोणतीही दहा माणसे एकत्र आली की तिसऱ्या महिन्यात कार्यकारिणी निवडतात आणि पाचव्या महिन्यात तिचे दोन गट पडतात. वर्गणीही काढू नका. ज्याचा त्याने चहा द्यावा.

गटात एकतरी निवृत्त नौसैनिक असावा, तो तुमच्या निम्म्या शंका जागच्या जागी मिटवील. निवृत्त नौदल अधिकाऱ्यांची नेव्ही फाउंडेशन ही संघटना आहे, आणि निवृत्त नौसैनिक तर शहरभर पसरलेले आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली की धागा मिळतो. तुमचा मुलगा सेवेत असताना तुमच्या जमिनीची मोजणी अडली, हद्दीचा वाद निघाला किंवा गावाकडे कोणी त्रास देऊ लागले, तरीही हेच कार्यालय जिल्हा प्रशासनाकडे तुमचे म्हणणे मांडण्यास मदत करते. ते केवळ माजी सैनिकांसाठी आहे, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. नौदलाच्या कुटुंबांसाठी एनडब्ल्यूडब्ल्यूए ही कल्याणकारी संस्थाही आहे, तिचे काम मोठे आहे. परंतु ती नौदलाच्या वसाहतींत, पत्नी आणि मुलांभोवती वाढली. चिंचवडच्या बापापर्यंत ती सहज पोचणार नाही, तिथे तुमचे तुम्हालाच बघावे लागेल.

आणखी एक, जे कोणी बोलत नाही. ज्यांचा मुलगा प्रशिक्षणातून परत आला, वैद्यकीय कारणाने बाहेर पडला किंवा चार वर्षे संपून घरी बसला आहे, त्या वडिलांना गटातून हळूच गळू देऊ नका. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, तेव्हाच हे ठरले होते की चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतून जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम सेवेत घेतले जाईल. बाकीच्यांना सेवा निधी मिळतो, व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार, आणि त्यावर प्राप्तिकर नाही. पण त्या रकमेने घरात येणारी शांतता भरून निघत नाही. तुमच्या सातांपैकी निम्म्याहून अधिक जणांची मुले एक दिवस परत येणार आहेत, हे आजच धरून चाला. तेव्हा गटाची गरज आजच्यापेक्षा जास्त असेल.

गट सोडून गेलेल्या दोघांना फोन करू नका, घरी जा.

प्रश्न : मुलगा नौदलात आहे असे सांगितले की नातेवाईक विचारतात, 'म्हणजे डॉलरमध्ये पगार असेल?' समजावून थकलो. — बाणेर येथील एक वडील

उत्तर : आपल्याकडे 'नेव्ही' म्हटले की निम्म्या लोकांना मर्चंट नेव्ही आठवते, कारण तिच्यातली मुले सहा महिन्यांनी परतताना चॉकलेट आणि घड्याळे आणतात. 'तो युद्धनौकेवर आहे' एवढे सांगून विषय बदला. ज्यांना फरक समजून घ्यायचा असतो, ते पुढचा प्रश्न वेगळा विचारतात.

प्रश्न : माझा मुलगा बोटीवर आहे. सव्वीस दिवस झाले, ना फोन, ना मेसेज. जाताना 'सेलिंगला जातोय, फोन लागणार नाही' इतकेच म्हणाला. मी दिवसभर बातम्या लावून बसतो. सोमाली चाचे, क्षेपणास्त्रे, ड्रोन, काही ना काही चालूच असते. काही झाले तर आम्हाला कळेल तरी का? कोण कळवील? — हडपसर येथील एक वडील

उत्तर : कळेल, आणि वाहिनीवरून कळण्याची वाट नौदल पाहात नाही. प्रत्येक नौसैनिकाच्या सेवेच्या कागदपत्रांत घरच्यांची नोंद असते, तिला किंड्रेड रोल म्हणतात. त्यात जवळच्या नातेवाइकांची नावे आणि पत्ते असतात, आणि काही गंभीर घडले तर त्या नोंदीवरून घरी कळवले जाते. इथे माझा तुम्हाला उलट प्रश्न आहे : त्या नोंदीत तुमचा आजचा मोबाइल क्रमांक आणि आजचा पत्ता आहे का? गावाकडचे घर सोडून हडपसरला सदनिका घेतली, सिमकार्ड बदलले आणि मुलाने नोंद बदलली नाही, अशी उदाहरणे मी बोटीवर असताना डझनाने पाहिली आहेत. तो परतला की पहिल्या आठवड्यात हे काम करून घ्या.

मौन का असते, हेही समजून घ्यावे. किनारा मागे पडला की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज संपते, तो पहिला आणि साधा भाग. पण रेंज नसणे एवढेच कारण नाही. बोटीवरून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश ती कुठे आहे याचा माग देऊ शकतो, म्हणून मोहिमेवर असताना बाहेरचा संपर्क मोजून-मापून ठेवतात. मुलगा चार-चार तासांचे वॉच, म्हणजे कामाच्या पाळ्या, करतो, मधल्या वेळात झोपतो, जेवतो, साफसफाई करतो, सराव करतो. त्याचा दिवस भरलेला असतो. तुमचा रिकामा असतो. सव्वीस दिवस तुम्हाला मोठे वाटतात त्याचे हेच कारण आहे, आणि परतल्यावर तो 'अरे, इतके दिवस झाले?' म्हणाला तर मनाला लावून घेऊ नका.

बातम्यांविषयी एक उदाहरण देतो. एडनच्या आखातात भारतीय नौदलाची जहाजे ऑक्टोबर २००८ पासून चाच्यांविरुद्ध गस्त घालत आहेत. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने 'रुएन' हे अपहरण झालेले व्यापारी जहाज गाठले, सुमारे चाळीस तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. त्या चाळीस तासांत कोलकातावरच्या मुलांच्या वडिलांना बातम्या पाहून काय कळले असते? जे नौदलाने जाहीर केले तेवढेच, म्हणजे जे तुम्हाला आणि मलाही कळले. वाहिनी चोवीस तास लावल्याने तुमच्या माहितीत भर पडत नाही, फक्त छातीतली धडधड वाढते. सकाळी एकदा वर्तमानपत्र वाचा आणि टीव्ही बंद ठेवा.

काळजी अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी आयएनएस खुकरी बुडाली, तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ऑगस्ट २०१३ मध्ये सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाला तो युद्धात नव्हे, मुंबईच्या गोदीत, आणि त्यात अठरा जण गेले. ज्यांनी 'काही होत नाही हो' म्हणून तुमच्या पाठीवर थाप मारली, त्यांच्यापेक्षा तुमची भीती खरी आहे. पण ती एकट्याने टीव्हीसमोर बसून भोगायची गोष्ट नाही. वरच्या पत्रातल्या चिंचवडकरांसारखे कोणी हडपसरलाही असतील, त्यांना शोधा.

शेवटी सावधगिरीची एक गोष्ट. 'मी तुमच्या मुलाच्या युनिटमधून बोलतो, त्याला अपघात झाला आहे, ताबडतोब पैसे पाठवा', असा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे, असेच धरा. नौदल कोणाच्याही वडिलांकडे उपचारासाठी पैसे मागत नाही. 'मुलगा सध्या कुठे आहे?' असे गोड बोलून विचारणारा अनोळखी फोन आला, तर 'मला माहीत नाही' म्हणावे. सव्वीस दिवसांनंतर ते खरेही असते.

प्रश्न : मला बायपास सांगितली आहे. मुलगा बोटीवर आहे. बायको म्हणते त्याला कळवा, मी म्हणतो शस्त्रक्रिया पार पडल्यावर सांगू. तिकडे त्याचे चित्त ढळू नये, एवढीच इच्छा. — सहकारनगर येथील एक वडील

उत्तर : कळवावे. तुमचा हेतू चांगला आहे, पण मुलाच्या बाजूने विचार करा. महिन्याभराने त्याला समजले की वडिलांची छाती उघडली होती आणि घरात सर्वांना ते माहीत होते, तर पुढच्या प्रत्येक सेलिंगला तो हाच विचार करत निघेल की या वेळी घरचे काय लपवत असतील. चित्त ढळते ते यानेच.

कळवण्याचा मार्ग साधा आहे. नौदलात प्रत्येक नौसैनिक एका डिव्हिजनल ऑफिसरच्या देखरेखीखाली असतो. त्याचे काम, बढती, रजा, घरच्या अडचणी, कर्ज, तब्येत या सर्वांची विचारपूस करणे ही त्या अधिकाऱ्याची जबाबदारीच असते. मुलाला त्या अधिकाऱ्याचे नाव आणि कळवण्याचा मार्ग आधीच विचारून ठेवायला हवा होता. नसेल, तर मुलाच्या नाव-क्रमांकासह त्याच्या युनिटच्या पत्त्यावर कळवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. त्या चिठ्ठीत रुग्णालयाचे नाव, निदान आणि शस्त्रक्रियेची तारीख स्पष्ट असावी, कारण रजा देणाऱ्याला कागद लागतो. बोट समुद्रात असेल, तर तो वेळेवर येईलच असे नाही, पण निरोप त्याच्यापर्यंत जाईल, आणि सांगणारा अधिकारी शेजारी बसून सांगेल. फोनवर बायकोच्या हुंदक्यातून कळण्यापेक्षा ते बरे.

एके काळी हे काम तारेने होई. 'आई अत्यवस्थ, ताबडतोब ये' अशा तारा बोटीवर इतक्या येत की त्यांतल्या निम्म्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी असत, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून तारेची खातरजमा गावच्या पोलिसांकडून करून घेत. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. खातरजमा मात्र अजूनही होते, म्हणून कागद खरा आणि पूर्ण पाठवा.

शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयात बायकोसोबत कोण बसणार आहे, हेही आताच ठरवा. मुलगा नसताना त्याच्या वयाचा एखादा पुतण्या-भाचा आणि तुमच्या वयाचा एक मित्र, असे दोघे असावेत. मित्राला कारण सांगा, नुसते 'ये' म्हणू नका.

प्रश्न : हे पत्र मी, म्हणजे आई, लिहीत आहे. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, तो सोडून तो नौदलात गेला. त्या दिवसापासून यांनी त्याच्याशी बोलणे टाकले आहे. फोन आला की हे उठून गॅलरीत जातात. पण मागच्या महिन्यात कपाट आवरताना यांच्या खणात चार डिसेंबरच्या नौदल दिनाची वर्तमानपत्रातली कात्रणे सापडली, मागच्या दोन वर्षांची. मी काय करू? — सदाशिव पेठेतील एक आई

उत्तर : ताई, कात्रणे सापडल्याचे त्यांना सांगू नका. ज्या माणसाने ती जपून ठेवली, त्याला ती सापडल्याची लाज वाटेल आणि खण रिकामा होईल. रागाचे कारण इंजिनिअरिंगचे असेल असे मला वाटत नाही. मुलाने विचारले नाही, सांगितले, हे बहुधा लागले आहे. बापाला असे लागले की पहिले पाऊल कोणी टाकायचे यातच वर्षे जातात. आणि फोनवर हा गुंता सुटणार नाही. तीन मिनिटांत दोन वर्षांचे बोलणे होत नाही, आणि दोघांनाही ते कळते, म्हणूनच ते गॅलरीत जातात.

मुलाला पुढच्या फोनवर सांगा की वडिलांना स्वतंत्र पत्र लिही, फक्त त्यांच्या नावे, आणि त्यात काही समजावू नकोस. आपण काय खातो, झोपायची जागा केवढी आहे, पहिल्यांदा बोट हलली तेव्हा किती वेळा उलटी झाली, एवढेच लिही. (बोट लागणे यात कमीपणा नाही, कानाच्या आतला तोल आणि डोळ्यांना दिसणारे दृश्य यांचा मेळ बसेपर्यंत शरीर तक्रार करते, आणि बहुतेकांचे ते दोन-तीन दिवसांत थांबते.) बापाला क्षमायाचना नको असते, तपशील हवा असतो. पत्र आले की ते टेबलावर ठेवा आणि तुम्ही अर्धा तास भाजीला जा.

उत्तर लगेच येणार नाही. आले तर त्यात पावसाविषयी लिहिलेले असेल. पाकिटावर मुलाचे नाव, हुद्दा, क्रमांक, बोटीचे नाव आणि खाली त्या बोटीचे फ्लीट मेल ऑफिस जिथे असेल ते शहर लिहायचे असते. यांतले काय कुठे लिहायचे, हे ते तुम्हाला विचारतील. तेव्हा सांगा, पण पाकीट तुम्ही लिहू नका, आणि पोस्टाच्या पेटीत टाकायलाही त्यांनाच जाऊ द्या.